आठ गाणी आणि एक कूलर

समस्त रसिकजनांस कळविण्यास अत्यंत दुःख होते की, इलेक्ट्रॉनिक संगीताच्या क्षेत्रातील माझी उज्ज्वल कारकीर्द गेल्या जानेवारीतल्या एका रविवारी संध्याकाळी, नागपूरजवळील बेसा येथील राहत्या घरी, अल्पशा आजाराने संपली. कारकीर्दीचे वय नऊ तास होते. तिच्या मागे एक लॅपटॉप, दोन स्पीकर आणि सर्दी झालेले अकरा नातेवाईक असा परिवार आहे.

मी लकडगंजात एका लाकडाच्या वखारीत मॅनेजर आहे. सत्तावीस वर्षं आरामशीनच्या आवाजात बसून माणूस एक तर बहिरा होतो, नाही तर संगीतकार. (मी संगीतकार झालो. बहिराही झालो होतो, हे नंतर कळलं.) या संगीतात लॅपटॉपवर एकेक आवाज घडवायचा आणि त्यांचे थर एकमेकांवर रचत जायचे. हे मी सुनंदाला, म्हणजे बायकोला, एकदा समजावून पाहिलं.

"यात म्हणते कोण?" तिने विचारलं.

"कोणी नाही."

"मंग वाजवते कोण?"

"तसं कोणीच नाही."

"मंग तुम्ही तरी त्याच्या मागं काहून लागले?"

कारण बाबा. आमचे बाबा पाणीपुरवठ्याच्या पंपावर ऑपरेटर होते. नुसता आवाज ऐकून मोटरचं दुखणं सांगत. असा कान शहरात दुसऱ्याला नसेल. फक्त तो माझ्यासाठी कधी मोकळा नव्हता. पाचवीत असताना शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी पेटी वाजवली. बाबा पहिल्या रांगेत होते. माझा पहिला सूर लागला आणि बाबांनी कान टवकारले. मला धन्य वाटलं. दुसरा सूर लागेपर्यंत ते उठून मंडपाबाहेर गेले होते. शाळेमागच्या बोअरची मोटर घरघरत होती! माझं वाजवणं संपल्यावर ते काळ्या हातांनी परत आले आणि म्हणाले, "बेअरिंग गेलं होतं." हेडमास्तरांनी त्याच स्टेजवर त्यांना नारळ दिला. मला काही दिलं नाही.

तेव्हापासून माझी एकच इच्छा होती. बाबांनी एकदा बसावं आणि माझं काही तरी शेवटपर्यंत ऐकावं. टाळ्या नकोत, शाबासकी नको, नुसतं बसावं. आता बाबा ब्याऐंशी वर्षांचे आहेत, गुडघे गेलेत, पटकन उठता येत नाही. मी म्हटलं, हीच वेळ आहे.

अल्बम मागच्या खोलीत तयार झाला. एप्रिल ते जून, रोज वखारीतून आल्यावर. हेडफोनच्या गाद्या घामाने पहिल्याच आठवड्यात सुटून आल्या, म्हणून मी सगळं काम स्पीकरवर केलं. पारा सेहेचाळीसवर, खिडकीत आमचा पत्र्याचा कूलर. हा कूलर बाबांनी अठरा वर्षांपूर्वी स्वतः समोर उभं राहून बनवून घेतला आहे. दर मार्चमध्ये त्याच्या गवताच्या ताट्या तेच बदलतात, मोटरला तेल तेच देतात. कोणालाही नातवंडांना हात लावू देतात, मोटरला नाही.

आता एक गोष्ट इथल्या माणसाला सांगावी लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. नागपुरात मार्च ते जून कूलर कोणालाच ऐकू येत नाही. तो बंद पडला की ऐकू येतो.

तर मी गाणी जुळवत होतो आणि मला सारखं वाटत होतं, खर्ज फार होतोय. खाली काही तरी घुमतंय. मग मी खर्ज कमी करत गेलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा जास्त वाटे, पुन्हा कमी. जूनपर्यंत खर्ज जवळजवळ उरलाच नव्हता आणि अल्बम कसा भरलेला, गंभीर वाटत होता! पाचव्या गाण्यात तर मागे एक झुळझुळ होती, जी मी केल्याचं मला आठवत नव्हतं. मी ती प्रतिभेच्या खात्यात टाकली.

अल्बमचं नाव ठेवलं 'शांतता'. मुखपृष्ठ मनासारखं होईपर्यंत हिवाळा आला. मधल्या काळात मी तो एकदाही ऐकला नाही; कलावंताने निर्मितीपासून काही काळ दूर राहावं, असं माझं मत होतं. त्या रविवारी सकाळी मी तो इंटरनेटवर चढवला. मीच संगीतकार, मीच निर्माता, त्यामुळे थांबवणारं कोणी नव्हतं.

संध्याकाळी पाच वाजता पुढच्या हॉलमध्ये अकरा नातेवाईक जमले. शिवाय माझा शाळेतला मित्र रमेश, जो धरमपेठेतून लग्नाच्या वरातींना साउंड पुरवतो. समोरच्या खुर्चीत शाल आणि कानटोपीतले बाबा. मी दोन शब्द बोललो (सुनंदाच्या मते चारशे) आणि बटण दाबलं.

टिक. टिक. टुक.

भांड्यांच्या कपाटात उंदीर फिरावा तसा आवाज येऊ लागला.

रमेश म्हणाला, "सुरू कर ना भाऊ."

"सुरू आहे."

"असं का? मले वाटलं वायर चेक करून राहिला." मग आणखी थोडं ऐकून, "याचा बेस कुठी गेला बे?"

मी आवाज वाढवला. उंदीर मोठा झाला. बाबांनी जांभई दिली आणि खुर्चीच्या हाताला धरून उठायची तयारी केली.

तेवढ्यात सुनंदा म्हणाली, "उन्हाळ्यात तं बरं वाजत जाये. खालून कसं घूंऽ घूंऽ येत होतं."

घूं! मी मागच्या खोलीकडे पाहिलं. खिडकीत कूलर प्लास्टिक पांघरून झोपला होता. माझा सगळा खर्ज त्याच्या पोटात होता.

मी आणि रमेशने कूलर चाकांच्या स्टँडवर ओढत हॉलमध्ये आणला. बाबा उठता उठता थांबले. "जानेवारीत कूलर काढून राहिला? थांब, आधी तेल दे त्याले." मी बाबांच्या देखरेखीखाली तेल दिलं आणि बटण दाबलं. घूंऽऽ. पहिलं गाणं अंगात वारं आल्यासारखं उभं राहिलं. रमेशसुद्धा म्हणाला, "हां, आता आला बेस."

पण पाचवं गाणं लावून पाहिलं तर त्यात झुळझुळ नव्हती. त्यासाठी पंप हवा, पंपासाठी पाणी. मी दोन बादल्या ओतल्या.

"अहो, लोकं गारठून राहिले," सुनंदा दात आवळून म्हणाली.

"कलेसाठी थोडं सोसावं लागतं."

"मंग तुम्ही बसा ना त्याच्यासमोर."

पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. दुसऱ्या गाण्यात मेहुण्यांनी सतरंजीची घडी उलगडून पांघरली. तिसऱ्यात मावशी म्हणाली, "सुनंदा, पोहे अंगणात देशील का वं? तिथं जरा ऊब हाये." तिच्यामागे सगळे नातेवाईक गेले. चौथ्यात रमेश उठला. जाता जाता खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "भाऊ, चांगलं हाये. पण ज्याले ऐकाचं त्याच्या घरी कूलर कोण पाठवंल?"

अल्बम तर सकाळपासून जगभर उघडा पडला होता. नातेवाईक अंगणात हसत होते, खिडकीतून ऐकू येत होतं.

पण बाबा बसून होते.

पाचवं झालं. सहावं झालं. बाबा डोळे मिटून, मान किंचित कलती करून ऐकत होते. गुडघ्यावर बोट हळूहळू हलत होतं. सातवं! जगाने ऐकलं नाही तर न ऐको. चाळीस वर्षं उशिरा का होईना, पहिल्या रांगेतला माणूस जागेवर होता.

आठवं, शेवटचं गाणं सुरू झालं. बाबांनी डोळे उघडले आणि हाताने मला जवळ बोलावलं. मी गुडघ्यांवर बसलो, कान त्यांच्या तोंडाशी नेला.

बाबा म्हणाले, "जरा ते टिकटिक बंद कर गा. मोटर नीट ऐकू येऊन नाही राहिली."