बरणीतली तळाची मूठ

विमलताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी चहाचं आधण ठेवत होते. मे महिन्यातली सकाळ. फोन हुडकेश्वरहून, त्यांच्या शेजारच्या नंदाचा. "काकू, मावशी गेल्या... झोपेतच गेल्या," असं रडत रडत सांगून ती थांबली आणि मग ओशाळल्यासारखी म्हणाली, "आन् गच्चीवर त्यांच्या मुंगवड्या हायेत, कालच टाकल्या होत्या. काय करू? ऊन चढून राहिलं." तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते आठवलं की आजही हसू येतं आणि रडूही. मी म्हटलं, "उलटून ठेव." ताईंनी दुसरं काय सांगितलं असतं...

विमलताई माझ्या थोरल्या नणंद. माझ्या नवऱ्याला त्या बापू म्हणत, म्हणून सगळं घर बापू म्हणतं, तेव्हा मीही इथे तेच लिहिते. सासूबाई गेल्या तेव्हा बापू पहिलीत होते. ताईंना नुकतीच कचेरीत कारकुनाची नोकरी लागली होती. धाकट्या भावाचं शिक्षण, नोकरी, लग्न, सगळं त्यांनी निगुतीनं पार पाडलं. स्वतःच्या लग्नाचं राहून गेलं ते गेलंच. त्याबद्दल कुणी हळहळलं तर म्हणायच्या, "बरं झालं वं, नाहीतर सासरी कोणाची गच्ची राहते अन् कोणाची नाही."

गच्ची हेच त्यांचं सासर-माहेर होतं. हिवाळ्यात हरभऱ्याची कोवळी भाजी सावलीत वाळायची, उन्हाळ्यात मुगाच्या डाळीच्या मुंगवड्या आणि कैरीच्या फोडी. वड्यांची डाळ इतवारीच्या बाजारातूनच यायची. दुकानदारानं पोतं उघडलं की ताई डाळीचे चार दाणे दाताखाली धरणार, नाक मुरडणार आणि दुसऱ्या पोत्याकडे बोट दाखवणार. मी नाशिकची. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी चटईवरच्या वड्या दाबून बघितल्या आणि झाल्या म्हणून डब्यात भरायला निघाले. ताईंनी ओंजळभर वड्या उचलून माझ्या कानाशी खुळखुळवल्या. "काही आयकू आलं? नाही ना? मंग वडी अजून ओली आहे. वाळली वडी बोलते." तिसऱ्या दिवशी खरंच वड्या बोलल्या, वाटीतल्या खड्यांसारख्या. तरी भरायला परवानगी नव्हती. "उन्हातून आणल्या आणल्या बरणीत कोंबू नको. निवू दे. माणूससुद्धा उन्हातून आला तं घटकाभर बसते."

आमच्या अनघानं, म्हणजे माझ्या मुलीनं, दोन वर्षांपूर्वी बंगळुरूहून आत्यासाठी भाज्या सुकवायचं विजेचं यंत्र पाठवलं. या वयात जिने चढायला नकोत म्हणून. ताईंनी कौतुकानं त्याला हळदीकुंकू लावलं, त्याच्या जाळ्यांवर वड्या घातल्या, रात्रभर चालवलं. सकाळी वड्या छान खडखडीत. आम्हाला वाटलं, सुटलो. दुपारी जाऊन बघतो तर सगळ्या जाळ्या गच्चीवर उन्हात मांडलेल्या आणि ताई शेजारी छत्रीच्या सावलीत बसलेल्या. बापू चिडले. "ताई, वाळल्या ना त्या? मंग वर काहून आणल्या?" ताई शांतपणे म्हणाल्या, "वाळल्या, पण ऊन कुठी लागलं त्याले?" अनघाला फोनवर मात्र त्यांनी सांगितलं की मशीन लय कामाची आहे, जाळ्या फार छान आहेत.

पण मला लिहायचं आहे ते त्यांच्या दुसऱ्याच एका रीतीबद्दल. वड्यांची बरणी त्या कधी पूर्ण रिकामी होऊ देत नसत. तळाशी मूठभर जुन्या वड्या राहिल्याच पाहिजेत, नव्या त्यांच्यावर पडल्या पाहिजेत. आमच्या धरमपेठच्या फ्लॅटमध्ये त्यांनी दिलेली अशी एक बरणी आहे. एकदा मी ती घासायला काढली तेव्हा बापू तळाच्या वड्या ताटलीत घेऊन माझ्या मागे उभे राहिले, बरणी वाळेपर्यंत. तेव्हा मला कळलं की ही मूठ सासूबाईंच्या बरणीतून आलेली. सासूबाई गेल्यावर स्वयंपाकघरात त्यांच्या हातचं तेवढंच उरलं होतं. ताईंनी त्यावर नव्या वड्या ओतल्या आणि दरवर्षी ओतत राहिल्या. आईच्या हातची एखादी वडी अजून तळाशी असेल की नाही, कोण सांगणार. बापूंना आईचा चेहरासुद्धा धड आठवत नाही. पण बरणीत आई आहे, यावर त्यांचा विश्वास आहे.

नंदानं वड्या तीन दिवस उलटल्या, वाळवल्या, निवल्यावर पिशवीत भरून तेराव्याला आणून दिल्या. मी त्या बरणीत ओतल्या. बापूंनी झाकण लावलं आणि बरणी कपाटात सगळ्यात वर ठेवून दिली. कुणी हात लावायचा नाही. पावसाळा लागला, भाज्या महागल्या. दरवर्षी याच दिवसांत ताईंचा फोन यायचा, "सुधा, काढ वं आता वड्या." यंदा फोन आला नाही. बापूंचं जेवणही कमी होत गेलं. बाल्कनीतल्या खुर्चीत बसून राहायचे, ताट समोर आलं की अर्धी पोळी. मला दोन्हीकडून भीती. वड्या काढल्या तर ताई संपणार, नाही काढल्या तर दमट हवेत बुरशी धरणार. शेवटी मी बरणी खाली काढली आणि त्यांच्या पुढ्यात नेऊन म्हटलं, "बघा तरी, बोलतात का अजून."

बापूंनी बरणी कानाशी नेली, हलवली. बराच वेळ हलवत राहिले. मग म्हणाले, "कर भाजी."

वांगं-बटाटा घालून, लसणाची फोडणी देऊन रस्सा केला. बापू दोन पोळ्या जेवले आणि रस्सा परत मागून घेतला. त्यांचे डोळे वाहत होते. तिखट झालंय, असं काही ते म्हणाले नाहीत. मग अधूनमधून वड्या होत राहिल्या. परवा मी बरणीत हात घातला तर त्यांनी माझं मनगट धरलं. "बस. आता मूठभर राहू दे." मी तशीच झाकण लावून ठेवली. तळाची मूठ राखली खरी, पण तिच्यावर नव्या वड्या कोण घालणार? माझे गुडघे गेलेले, ताईंचं घर रिकामं, फ्लॅटला स्वतःची गच्ची नाही.

काल दुपारी जरा उघडीप होती. मी पडले होते. काहीतरी ओढल्याचा आवाज आला म्हणून बाहेर आले तर बापू बाल्कनीतली आपली खुर्ची घरात आणून ठेवत होते. बाल्कनी झाडून स्वच्छ केलेली. फरशीवर ऊन पडलं होतं, एक चटई मावेल एवढं.

"इथं तं चांगलं ऊन येते," ते म्हणाले. "आपण काहून खुर्ची ठेवली होती इथं?"