पहिले दहा हजार फेरे

रविवारी सकाळी माझी मुलगी मुक्ता जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. पडद्यावर काळे-पांढरे ठिपके लुकलुकत होते. प्रत्येक ठिपका म्हणजे एक इवलंसं चुंबक, रंग म्हणजे त्याची दिशा, आणि मध्येच कुठेकुठे मुद्दाम सोडलेल्या रिकाम्या जागा. तापमान उतरवत नेलं की कितीला ही चुंबकं एका दिशेला वळतात, ते तिला प्रबंधासाठी काढायचं आहे.

"पहिल्या दहा हजार फेऱ्यांचे आकडे टाकून द्यायचे," ती म्हणाली. एका फेऱ्यात संगणक प्रत्येक चुंबक एकदा उलटवून बघतो.

"का? सोयीचे नाहीत म्हणून?"

"बाबा, सुरुवात कशी केली ते चुंबकं तोवर विसरलेली नसतात."

"आणि मग विसरली, हे कोण सांगतं?"

"तुम्हीच व्हा माझे परीक्षक!" असं म्हणत तिने शेजारी दुसरी खिडकी उघडली. चुंबकं तीच, पण पहिल्या खिडकीत ती सगळी पांढरी ठेवून सुरुवात केली होती, हिच्यात विस्कटलेली. दोन्हींकडून एकच उत्तर आलं तरच ते खरं मानायचं.

दहा हजार फेरे टाकूनही उत्तरं जुळत नव्हती. प्रबंधाचं हे प्रकरण उद्या तिच्या मार्गदर्शक सरांना द्यायचं होतं, आणि पहिल्या खिडकीतला आलेख फार देखणा होता. तोच देऊन टाकते का, म्हणून मी तिच्या हाताकडे बघत राहिलो. शेजाऱ्यांबद्दलची, भावाबद्दलची माझी मतं मी वर्षानुवर्षं तपासतो, पण प्रत्येक वेळी सुरुवात त्याच टोकाकडून करतो.

मुक्ताने सरांना लिहिलं, "उत्तरं जुळत नाहीत. उद्या प्रकरण देता येणार नाही."

"पाठवू?"

मी ते दोनदा वाचलं. शंका घ्यायला काही सापडलं नाही.

"पाठव," मी म्हणालो.