डॉक्टर म्हणाले, बॅलन्समध्ये आहे

उंच इमारतींना बाहेरून रंग देणाऱ्याची ती बायको. स्वतः लाँड्रीत इस्त्री करायची. त्याच्या धंद्यातला एकच शब्द तिला पक्का ठाऊक होता. दोरांना टांगलेल्या फळीवर दोन रंगारी. एक बाजू कलली की दुसऱ्याने सरकायचं, फळी सपाट झाली की ओरडायचं, "बॅलन्स!" म्हणजे सगळं ठीक, चालू दे.

घरीही तेच. भाजी जमली की पहिल्या घासाला, "बॅलन्स!"

"चांगली झालीये म्हणायला जीभ झडते का तुझी?"

"तेच तर म्हणालो."

आज फळी एका बाजूने सुटली. सोबती दोराला धरून राहिला, हा खाली आला.

ऑपरेशननंतर डॉक्टर बाहेर आले. घाईत होते. "हँगिंग इन द बॅलन्स आहे, ताई. बघू या."

तिने मान डोलावली आणि अपघाताचं आधीच कळवलेल्या सासूला गावाकडे फोन लावला.

"आई, बॅलन्समध्ये आहे. डॉक्टरच म्हणाले."

"डॉक्टर देवासारखा भेटला गं बाई! मी निघू का?"

"कशाला? गुडघे धरून बसाल गाडीत. उद्या या सावकाश."

कॉलेजातून लेक धावत आली.

"मम्मी, काय म्हणाले नक्की?"

तिने शब्द जसेच्या तसे सांगितले. लेक बाकावर बसली.

"अगं, ते तराजूवरून आहे. पारडं कुठेही झुकेल. जगतील की नाही, सांगता येत नाही."

"बॅलन्स म्हणाले ते."

"हो. पण टांगलेला."

"तो रोजच टांगलेला असतो."

लेकीला रडू फुटलं. हिला येईना. समोरच्या खुर्चीवर कुणाचा तरी शर्ट पडला होता. तिने तो उचलला, कॉलर सरळ केली, बाह्या मागे घेतल्या, घडी घातली. मग विचारलं, "आजीला काय सांगू?"

"ये म्हणून सांग. आत्ता."

"बाबांचं काय म्हणू?"

लेकीने डोळे पुसून फोन तिच्यापुढे केला. तिने पुन्हा नंबर लावला.

"आई, निघा."

"अगं, मघाशीच तर म्हणालीस, ठीक आहे!"

"मला नीट कळलं नव्हतं. गाडी करून या. भाकऱ्या-बिकऱ्या बांधत बसू नका."



"आहे ना गं तो?"

"आत्ता आहे," ती म्हणाली.