साखरेच्या डब्यातलं जनुक

फळांचा गोडवा निसर्गाच्या मर्जीवर न सोडता माणसाने जनुकांतून ठरवावा, या विचाराने मी तरुणपणी झपाटलो होतो. एकविसावं शतक तोंडावर आलं होतं आणि ते माझीच वाट पाहत असावं, असा माझा समज होता. प्रत्यक्षात मी जीवतंत्रज्ञानाच्या एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो आणि दोन मुलींनी मला नकार दिला होता.

तिसरी मुलगी हिंगोलीजवळच्या गोरेगावची. तिला पाहायला निघालो तेव्हा जीपमध्येच मामांनी बजावलं, "तोंड कमी उघड. हे स्थळ गेलं तं मी न्हाई येणार तुझ्यासंग."

मे महिना होता, म्हणून पोह्यांऐवजी आमरस आला. वाट्या ठेवून मुलगी दाराशी बसली. मला ती पाहताक्षणी आवडली, म्हणजे गप्प बसायला आणखी एक कारण होतं.

"काय शिकून राहिले पाव्हणं?" तिच्या वडिलांनी विचारलं.

मी सांगितलं. एका झाडातलं गोडव्याचं जनुक काढायचं, दुसऱ्यात घालायचं, की आंबट फळही गोड. मामांनी माझ्या पायावर पाय दिला. मी रसाचा घोट घेतला आणि जाहीर केलं, "हाच आंबा घ्या. केवढी नैसर्गिक साखर! याच्या जनुकांचा अभ्यास व्हायला हवा. पानं मिळतील?"

वडील आढ्याकडे पाहू लागले. मुलगी मात्र पहिल्यांदाच बोलली.

"पानं काहून नेता? ते जनुक आमच्या साखरेच्या डब्यात हाय. सकाळी दोन वाट्या घातलं. आंबा चिंचेवानी आंबट हाय आमचा."

मामांनी डोळे मिटले. मी म्हणालो, "तरी नेतो पानं. आंबटपणाचाही अभ्यास होईल."

पिशवीभर पानं घेऊन आम्ही परतलो. पानं वसतिगृहात सुकून गेली.

आठ दिवसांनी होकार आला. माझ्या विद्वत्तेची छाप पडली असं मी वर्षभर धरून चाललो होतो. मग एकदा बायकोला विचारलं.

"साखर घातलेला रस ज्याला कळंना," ती म्हणाली, "त्यो सैपाकाला नावं ठेवील व्हय?"

पुढे मी बँकेत लागलो. सासऱ्यांचं झाड अजून आहे, आंबेही तसेच आंबट. दर उन्हाळ्यात पोतंभर येतात. रसात साखर घालायचं काम माझ्याकडे आहे.