त्या फरशीवर पाणी कोणी भरलं

मी ज्यांचा सगळ्यात जास्त ऋणी आहे त्यांचं नाव अंकुश मिस्त्री. राहणार धायरी. मी त्यांना अण्णा म्हणतो. हे नाव आधीच लिहून टाकतो, कारण पुढे हात अडखळेल आणि मी नेहमीसारखं दुसरंच काहीतरी सांगत बसेन. सहा वर्षं मी हे कुणालाही सांगितलं नव्हतं — बायकोला नाही, गावाकडे आई-वडिलांना नाही. उलट एक वेगळीच हकीकत सांगत आलो. ती इतक्या वेळा सांगितली, की — पण थांबा. आधी अण्णा.

मी वाशिम जिल्ह्यातल्या एका लहान गावचा. आमच्या घरातला पहिला पदवीधर. सिव्हिलची डिग्री घेऊन पुण्यात आलो तेव्हा पुस्तकातलं सगळं येत होतं आणि साइटवरचं काहीच नाही. घरांना पॉलिश काँक्रीटच्या फरश्या करून देणाऱ्या एका लहान फर्ममध्ये लागलो. टाइल नाही, मार्बल नाही. काँक्रीटच ओतायचं आणि ते पक्कं झालं की मशिनने घासत घासत त्यात तोंड दिसेल असं करायचं. पहिल्याच दिवशी मी लेव्हलची पाण्याची ट्यूब धरून उभा राहिलो आणि मजुरांना ठणकावून आकडे सांगू लागलो. ट्यूबमध्ये हवेचा बुडबुडा होता. सगळे आकडे चूक. अण्णा आमच्या फर्मचे फरशीचे मिस्त्री. ते जवळ आले, म्हणाले, "साहेब, जरा माझ्याकडं द्या, मला लांबून दिसंना." आणि बोलता बोलता टिचकी मारून तो बुडबुडा काढून टाकला. कुणाला कळलंही नाही. माझी लाज त्या माणसाने अशी झाकली होती. हे लक्षात ठेवा.

खोली मिळेपर्यंत चार महिने मी त्यांच्या घरी राहिलो. अण्णांच्या पत्नी, काकी, सकाळी दोन डबे भरायच्या, दोन्हीत सारखंच. कामाचं म्हणाल, तर जे येतं ते सगळं अण्णांनी शिकवलेलं. त्यातला पहिला धडा पाण्याचा. काँक्रीट ओतलं की दुसऱ्या दिवशी त्यावर मातीची आळी करायची आणि सात दिवस पाणी भरून ठेवायचं. "पुण्याच्या उन्हाला तहान लई," अण्णा म्हणायचे. "पाणी कमी पडलं की तडकणार. आन् पॉलिश केल्यावर तड झाकत न्हाई, उठून दिसती."

हा धडा मी पाठ केला. पाठ करणं मला शाळेपासून छान जमतं.

मग ते घर आलं. मूळचं पुण्याचं एक जोडपं हिमाचलात, खूप उंचावरच्या एका गावात कायमचं राहायला गेलं होतं. तिथे चार-पाच महिने बर्फ. त्यांना सगळ्या घरात पॉलिश काँक्रीट हवं होतं — दक्षिणेकडच्या मोठ्या काचेतून ऊन आलं की फरशी दिवसभर तापते आणि संध्याकाळी ती ऊब परत देते. शिवाय बुटांना लागून आत आलेल्या बर्फानं ती खराब होत नाही. सरांनी, म्हणजे आमच्या फर्मच्या मालकांनी, ते काम माझ्यावर सोपवलं. माझं पहिलं स्वतंत्र काम. जमिनीचा गारठा वर येऊ नये म्हणून काँक्रीटखाली जाड फोमच्या शीट, त्यावर गरम पाण्याच्या नळ्या — सगळं मी वाचून काढलं होतं. खालचा गारठा मी अडवला होता. वरच्याचा विचार केला नव्हता.

ऑक्टोबर होता. दिवसा स्वेटर काढावा लागेल असं ऊन. खिडक्यांच्या काचा अजून यायच्या होत्या. काँक्रीट सुरेख ओतलं गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहतो तर अण्णांनी मोठी ताडपत्री उलगडून फरशीवर पसरायला घेतलेली, शेजारी गावातून आणलेल्या सुक्या गवताचा ढीग.

"पाणी नको साहेब. गावातली माणसं सांगत्यात, हितं बादलीतलं पाणी सकाळपर्यंत दगड हुतंय. झाकून ठिवू, वर गवत टाकू, कोपऱ्यात शेगडी पेटवू."

"अण्णा, सात दिवस पाणी हे तुम्हीच शिकवलंत ना?"

"ते पुण्यातलं हो. हितं पुणं हाय का?"

मजूर हसले. त्यांच्यावर हसले की माझ्यावर? मला वाटलं, माझ्यावर. आणि मी — ज्याचा बुडबुडा या माणसाने चारचौघांत झाकला होता — मी चारचौघांत म्हणालो, "ड्रॉइंगवर सही माझी आहे. ताडपत्री घडी करा. पाणी भरा."

त्यांनी घडी केली. नीट, कोपऱ्याला कोपरा लावून. आळी त्यांनीच केली आणि पाणीही त्यांनीच भरलं.

सकाळी सगळी फरशी पांढरी. मी असा बर्फ जन्मात पाहिला नव्हता. खरं सांगू? मला आनंद झाला. मी आधी फोटो काढला आणि बहिणीला पाठवला. अण्णा उकिडवे बसून तळवा टेकवून पाहत होते. म्हणाले, "वरचं दिसतंय. पोटातलं बी गोठलं असंल."

गोठलंच होतं. तीन आठवड्यांनी मशिन लावलं तेव्हा वरचा थर पापुद्र्यांसारखा सुटायला लागला. जितकं घासावं तितकं सुटत होतं. त्या जोडप्यातल्या बाई दारात उभ्या होत्या. तो हिवाळा त्यांना त्या घरात काढता आला नाही, एवढं सांगतो.

फोनची रेंज गावाबाहेरच्या एका वळणावर यायची. सरांना फोन करायला मी निघालो तर अण्णा बरोबर आले — मला एकट्याला बोलणी खावी लागू नयेत म्हणून. सरांनी एकच प्रश्न विचारला. "बर्फाच्या गावात पाणी कोणी भरलं?"

मला वाटायचं, खोटं बोलण्याआधी माणूस विचार करतो. मी नाही केला. "मिस्त्रींनी," मी म्हणालो. "मी नको म्हणत होतो सर, पण जुनी सवय."

अण्णा हाताच्या अंतरावर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एक शब्द पुरे होता — त्यांनी मोठ्याने नुसतं "काय?" म्हटलं असतं तरी सरांना ऐकू गेलं असतं. मला नोकरीत कायम करायचं पत्र त्याच महिन्यात निघणार होतं आणि त्यांना ते माहीत होतं. ते वळले आणि खाली गेले. मी पोचलो तेव्हा मशिनची वायर गुंडाळत होते. "चहा ठिवलाय," एवढंच म्हणाले.

पुण्यात आल्यावर मिटिंगमध्ये सर म्हणाले, "बर्फात आळी करणारे मिस्त्री आपल्याकडे आहेत. आता त्यांना दक्षिण ध्रुवावर ऊस लावायला पाठवू." सगळे हसले. मीही हसलो. अण्णांना त्यानंतर फरशीचं काम आलं नाही, आमच्याकडून नाही आणि दुसऱ्यांकडूनही नाही. आमच्या धंद्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. ज्या माणसाच्या हाताची फरशी लोक मुद्दाम दाखवायला नेत, तो बाथरूमच्या टाइल बसवू लागला.

आणि मी? नव्या इंजिनिअरांना मी ही हकीकत शिकवायला वापरू लागलो. "ज्यांना मी वडिलांसारखं मानलं त्यांनीच मला तोंडघशी पाडलं," असं म्हणायचो. ते नाटक नव्हतं — याचीच मला आता भीती वाटते. मला खरोखर वाटायला लागलं होतं की माझा विश्वासघात झालाय. धायरीच्या फाट्यावरून जाताना मी खिडकीबाहेर बघायचो नाही. आणि मनातल्या मनात रुसलेला असायचो, त्यांच्यावर! तुम्ही कधी ज्याला फसवलंय त्याच्यावरच रुसला आहात? फार सोपं असतं ते.

गेल्या महिन्यात स्वारगेटला बसच्या रांगेत मागून हाक आली. "इंजिनेर!" अण्णा. केस सगळे पांढरे. बरोबर दहा-अकरा वर्षांची नात. तिला म्हणाले, "वेदिका, पाया पड. हे आपल्याकडं राहायला हुते. लई हुशार माणूस." मग माझ्याकडे वळून, अगदी सहज, "हिला सांगत असतो मी. एकदा बर्फात माझ्याकडनं चूक झाली. ह्यांचं ऐकलं असतं तर फरशी वाचली असती."

मी त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. नव्हता. नातीच्या डोळ्यांत माझी किंमत राहावी म्हणून त्यांनी माझं खोटं सांभाळलं होतं? की सहा वर्षं लोकांकडून ऐकून ऐकून त्यांना स्वतःलाच तसं वाटायला लागलं होतं? यातलं जास्त वाईट काय, ते मला ठरवता येत नाही. मुलगी माझ्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आणि त्यांच्यादेखत खरं दडवलं. दुसऱ्यांदा.

बस आली, ते गेले. आठ दिवसांनी मी त्यांना पत्र पाठवलं. ते असं:

ती. अण्णांस साष्टांग नमस्कार.

सूनबाईंना वाचून दाखवायला सोपं जावं म्हणून मोठ्या अक्षरात लिहितो आहे.

हिमाचलातल्या घरात पाणी भरा असं मी म्हणालो होतो. तुम्ही नको म्हणाला होतात. मी सरांना उलटं सांगितलं, तुमच्यादेखत. नंतर सहा वर्षं सगळ्यांना उलटंच सांगितलं. त्या दिवशी स्वारगेटला तुम्ही तेच खोटं सांगितलंत आणि मी ते ऐकून घेतलं.

या पत्राची एक प्रत सरांच्या टेबलावर ठेवली आहे. उद्याच्या मिटिंगमध्ये मी ती सगळ्यांसमोर वाचणार आहे. त्यातून तुमची सहा वर्षं परत येत नाहीत, हे मला कळतं.

काकींना नमस्कार.

वेदिका, तू हे ऐकत असशील, तर त्या फरशीवर तुझ्या आजोबांचा हात चुकला नव्हता. त्यांनी ताडपत्री उलगडली होती. ती मी घडी करायला लावली.

सुनील