ओले बूट

जॉर्जियातल्या त्या थंड हवेच्या गावात बसमधून उतरले आणि चढावरच्या गेस्ट हाउसपर्यंत पोचेपर्यंत बर्फाच्या चिखलात माझे बूट पार भिजले. सॅक उतरवून मी पायरीवर टेकले. साठी ओलांडलेले घरमालक बाहेर आले, समोर उकिडवे बसले आणि माझ्या बुटाची नाडी सोडू लागले.

मी पाय झटकन मागे घेतला. "अहो, नका ना!" तोंडातून मराठीच निघालं. वडिलांच्या वयाच्या माणसाने माझ्या बुटांना हात लावायचा म्हणजे काय! ते हसून मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "ओल्या बुटांनी डोंगर चढता येत नाही." मग बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून त्यांनी ते शेगडीजवळ ठेवले. मी शरमेने बघत राहिले.

त्या बोटांकडे बघता बघता बाबा आठवले. माझे शाळेचे भिजलेले बूट ते असेच कागद कोंबून वाळवायचे, सकाळी पॉलिश करून नाडीसुद्धा बांधून द्यायचे. "लवकर बांधा हो, रिक्षा येईल," असं मी वरून त्यांनाच सुनवायचे.

तेव्हा पाय मागे घ्यावासा मला एकदाही वाटला नव्हता.