साध्या पाण्यानं काळं पडू नये

कल्पना करा, तुम्हाला लेकीला बोलायचंय आणि ते सुनेला लागलं का, हे बघायचंय. लेक तोंडातून अवाक्षर काढणार नाही. काय ते सुनेच्या चेहऱ्यावरून ओळखायचं. आणि तुमचा आवाज थेट सुनेवर मात्र चढता कामा नये.

दोघी बहिणींतल्या धाकटीचं काम असंच होतं. एमआरआयच्या चित्रात दिसतं ते मोकळं पाणी. मज्जातंतूंच्या वेष्टणाला चिकटलेले कण दिसत नाहीत. धाकटी रेडिओलहरींचे ठोके असे रचायची, की मार त्या कणांनाच बसावा. मग ते शेजारच्या पाण्याचीही आपल्यासारखीच गत करतात आणि चित्रात ते पाणी काळवंडतं. वेष्टण जास्त, तर काळोख जास्त.

थोरलीचं वेष्टण झिजत होतं. नवं औषध सुरू होतं, सोमवारी तपासणी होती. "ते भरतंय का, एवढंच सांग," ती म्हणाली होती. तेव्हापासून धाकटीचा जीव थाऱ्यावर नव्हता. बसली की पाय हलायचा, उठली की पेनाचं टोपण चावायची.

सकाळी चाचणीसाठी वेष्टणाच्या जागी ठेवलेली आगरच्या, म्हणजे समुद्री शेवाळाच्या, जेलीची बाटली मस्त काळी पडली. तिनं लगेच फोन लावला, "ताई, जमलं!"

"अगं, जरा दम धर," थोरली हसली.

दम कुठला? शेजारी साध्या पाण्याची बाटली ठेवायचंच ती घाईत विसरली होती. दुपारी ठेवली. साध्या पाण्यात चिकटलेलं काहीच नसतं, ते उजळच राहायला हवं. तेही काळं पडलं.

"बाई, आता नळालाही मेंदू फुटला म्हणायचा!" यंत्र चालवणारे काका म्हणाले.

म्हणजे लेकीला सोडून ती थेट सुनेवरच ओरडत होती. तिनं ठोक्याचा सूर, म्हणजे लहरींची कंप्रता, पाण्याच्या सुरापासून दूर सरकवला. पाणी उजळलं, पण जेलीही जेमतेमच काळवंडली. जोर वाढवला, तर यंत्रच अडून बसलं: एवढ्यानं माणसाचं अंग तापेल. इकडे आड, तिकडे विहीर.

तिनं पुन्हा फोन लावला, "ताई, सकाळचं खोटं होतं गं."

"म्हणजे भरत नाहीये?"

"तसं नाही. मला अजून दिसतच नाहीये."

"मग बघ की. मी कुठं पळून चाललेय? पळता आलं असतं तर आणखी काय हवं होतं!"

धाकटीला हसू आलं नाही. ती पुन्हा पडद्यासमोर बसली, पाय हलू लागला. एकच मोठा ठोका नको. छोटे छोटे द्यावेत, मध्ये थांबावं. पण किती थांबलं, म्हणजे ताईचं डोकं तापणार नाही आणि ते कणही खाल्लेला मार विसरणार नाहीत?